सहा फास आणि मगरीचा जबडा

रेवा आणि कबीर,

परवा फोनवर रेवा म्हणाली, "आजी, माझं नवं काम तुला समजवायला जरा वेळ लागेल गं. डॉक्टरांची उपकरणं एका देशातून दुसऱ्या देशात न्यायची तर सरकारची परवानगी लागते ना, ती मिळवायची. फार किचकट असतं." मी "हो का?" म्हणाले आणि चहा गाळायला उठले. स्क्रीनच्या कोपऱ्यात तुमचा बाबा बसला होता, तो गालातल्या गालात हसला. त्याला माहीत आहे की त्याच्या आईने अंधेरीत पंधरा वर्षं हेच काम केलं. फक्त तेव्हा त्याला एवढं चांगलं नाव नव्हतं. तेव्हा त्याला 'माल सोडवणं' म्हणत.

त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकवाल्यांनी "कर्णिक आजी, काहीतरी लिहाच" म्हणून धरलं. म्हटलं, एका दगडात दोन पक्षी. पक्ष्यांचा विषय पुढे येणारच आहे. बाबाने तुम्हाला हे मराठीतच वाचून दाखवावं, भाषांतर करून सांगू नये. का, ते वाचल्यावर कळेल.

आमचं ऑफिस अंधेरी पूर्वेला होतं, एका साबणाच्या कारखान्याच्या मागे, दोन खोल्यांचं. मालक जयंतीभाई. पोटात घालायच्या दुर्बिणीला लागणारं सामान ते परदेशातून मागवत आणि घाटकोपर, मुलुंडपासून बोरीवलीपर्यंतच्या डॉक्टरांना पुरवत. ही दुर्बीण म्हणजे बोटाएवढ्या जाडीची, लवचीक, काळी नळी. तोंडातून किंवा खालून आत सारायची आणि वरच्या भिंगातून आतडं बघायचं. तिच्या आतून आणखी एक बारीक बोगदा जातो. त्यातून निरनिराळी हत्यारं आत सोडता येतात. दुर्बीण दाखवते आणि हत्यार काम करतं. आम्ही ती हत्यारं विकत होतो.

माल विमानाने सहारच्या विमानतळावर उतरे. तिथे कस्टम्सचे अधिकारी कागद आणि खोकी ताडून बघत. कागदांवर काय आहे ते मी बघायचे. सगळे कागद एका रंगाच्या फायलीत, वर अनुक्रम, प्रत्येक प्रतीला टाचणी डाव्या कोपऱ्यात. जयंतीभाई म्हणायचे, "कर्णिकबेन, तुमची फाइल बघून ऑफिसरला वाटते की आपण काहीतरी लपवते."

गमती होत. दुर्बीण तोंडातून घालताना पेशंटने ती चावू नये म्हणून दातांमध्ये एक प्लास्टिकचं कडं धरायला देतात. अशी शंभर कडी आली तेव्हा एका अधिकाऱ्याला ती लहान मुलांची खेळणी वाटली. मी समजावून सांगितलं. त्याने एक उचलून स्वतःच्या दातांत धरलं आणि तसंच, न काढता, "ओऊऊ" म्हणाला. ते "ओके" होतं असं समजून मी शिक्का मारून घेतला.

पण सांगायची गोष्ट फासांची आहे. त्यात चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे मध्येच तुम्ही "बिचारी आजी" म्हणायला नको.

काही लोकांच्या मोठ्या आतड्यात आळंबीसारखा मांसाचा कोंब उगवतो, देठ असलेला. त्याला पॉलिप म्हणतात. त्यातून रक्त जातं, आणि पुढे तो वाईट वळणही घेऊ शकतो. पूर्वी पोट उघडून तो काढत. मग एक युक्ती निघाली. दुर्बिणीच्या बोगद्यातून सात फुटांची बारीक नळी सोडायची. तिच्या आतून तारेचं कडं बाहेर येतं. ते देठाभोवती टाकून आवळायचं आणि तारेतून वीज सोडायची. देठ कापला जातो, रक्तही तिथल्या तिथे थांबतं. टाका नाही, चिरा नाही. या तारेला इंग्रजीत 'स्नेअर' म्हणतात. दवाखान्यातली नर्ससुद्धा "सिस्टर, स्नेअर द्या" ऐकून तो बरोबर उचलते. मराठीत काय म्हणतात, हे कुणी कुणाला कधी विचारलं नव्हतं.

असे सहा स्नेअर आम्ही मागवले. शिवाय आतलं काही पकडून बाहेर काढायला चार चिमटे. चिमट्यांची टोकं निरनिराळी असतात आणि त्यांना ज्याने नावं दिली तो प्राणिसंग्रहालयात वाढलेला असावा. एक 'ॲलिगेटर जॉ', एक 'रॅट टूथ'. माल सवलतीत सोडवायचा तर सरकारच्या एका आरोग्य कार्यालयाचं पत्र लागे. मी इंग्रजीत अर्ज नेला. खिडकीतल्या कारकुनाने तो दोन बोटांनी माझ्याकडे सरकवला.

"बाई, आडनाव कर्णिक आणि अर्ज इंग्रजीत? मराठीत आणा."

मला ते लागलं. मी इंग्रजी शाळेत शिकले. घरचं मराठी म्हणजे सणांचं आणि स्वयंपाकाचं. ऑफिसात हिंदी, गुजराती, इंग्रजी. पण "कर्णिकांना मराठी येत नाही" असं कुणी म्हणावं? घरी आले, सासऱ्यांचा जाडजूड इंग्रजी-मराठी कोश काढला आणि जेवण होईपर्यंत भाषांतर केलं. एकही इंग्रजी शब्द ठेवला नाही. सुवाच्य अक्षरात लिहिलं:

'दुर्बिणीतून वापरावयाचे तारेचे फास – ६ नग. मगरीच्या जबड्याचे चिमटे – २ नग. उंदराच्या दातांचे चिमटे – २ नग.'

सासऱ्यांना दाखवलं. ते म्हणाले, "शुद्धलेखन उत्तम." अर्थाबद्दल ते काही बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

कारकुनाने वाचलं, मान वर केली. "सहा फास? कुणासाठी?"

"पेशंटसाठी," मी म्हणाले.

"एवढे कंटाळलेत का?" असं म्हणून त्याने अर्ज आत पाठवला. दहा दिवसांनी पत्र मिळालं. माझाच मजकूर, शब्दाला शब्द, खाली सही आणि शिक्का. मी फार खूश होते.

याच सुमारास ऑफिसात एक बाई येऊ लागली. सुमती परब, मुलुंडची. नवरा चाळिशीचा, गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीत वॉचमन झाला होता. त्याच्या आतड्यात असाच कोंब होता आणि दर दोन-चार दिवसांनी रक्त जात होतं. घाटकोपरच्या ज्या डॉक्टरांकडे तो होता त्यांचा शेवटचा स्नेअर मोडला होता. नवा आमच्याकडून यायचा होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, शुक्रवारपर्यंत आला तर दुर्बिणीतून काढतो. नाहीतर शनिवारी मोठ्या हॉस्पिटलात सर्जनच्या हवाली करतो, याहून जास्त थांबता येणार नाही. परबच्या थोरल्या भावाचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं आणि तो टेबलावरून परत आला नव्हता. त्यामुळे सुमतीने एकच धरलं होतं.

"मी त्येंचा पोट फाडूक देवचंय नाय." आणि रोज दारातूनच विचारी, "इलो काय गे बाय तुमचो फास?"

'फास' हा शब्द तिनेच सहज उचलला होता. डॉक्टरांनी हाताने खूण करून दाखवलं असेल. मला तर वाटलं, बघा, माझं मराठी मुलुंडपर्यंत पोचलं.

सोमवारी माल उतरला. मंगळवारी सकाळी मी सहारला देशमाने साहेबांसमोर बसले. देशमाने साहेब नवीन बदलून आले होते. चहाचा कपसुद्धा स्वतःच्या पैशाने घेणारा माणूस.

"बसा मॅडम. तुमचे कागद व्यवस्थित असतात म्हणून तुमची फाइल मी आधी घेतो." त्यांनी आरोग्य कार्यालयाचं पत्र वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. "दुर्बीण. तारेचे फास. मगरीचा जबडा." माझ्याकडे बघितलं. "शिकारीला कुठे निघालात?"

मी हसले. ते हसले नाहीत.

"सर, हे पोटाच्या दुर्बिणीचं सामान आहे."

"इथे पोट कुठे लिहिलंय?"

नव्हतं लिहिलं. 'दुर्बीण' म्हटल्यावर आमच्या धंद्यात पोटच डोळ्यांसमोर येतं. बाकीच्या महाराष्ट्राला डोंगर आणि हरणं दिसतात, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"सर, मूळ बिल बघा. त्यात स्नेअर लिहिलंय."

"तेच बघितलं." त्यांनी खणातून कोश काढला. तोच, आमच्या घरी होता तोच, फक्त पुठ्ठा नवा. पान उघडून बोट ठेवलं. "स्नेअर, पशुपक्षी पकडण्याचा फास. मॅडम, तुमचे दोन्ही कागद एकमेकांशी तंतोतंत जुळतात. हीच पंचाईत आहे. जुळले नसते तर चूक समजून सोडलं असतं."

"सर, खोकं उघडून तरी बघा."

खोकं उघडलं. वेटोळं घातलेली पांढरी नळी, टोकाला मूठ. देशमाने साहेबांनी मूठ पुढे दाबली, खटकन् तारेचं कडं बाहेर आलं. त्यांनी त्यात आपलं पेन धरलं आणि मूठ मागे ओढली. पेन घट्ट अडकलं.

"पकडतो तर झकास," ते म्हणाले.

पेन सोडवायला आम्हा दोघांना पाच मिनिटं लागली.

"मॅडम, तुम्ही खरं बोलताय असं मला वाटतं. पण मला वाटून काय उपयोग? कागदाला वाटायला हवं. एक तर आरोग्यवाल्यांकडून नीट पत्र आणा, नाहीतर वनखात्याकडून लेखी आणा की या वस्तूंचा वन्यप्राण्यांशी संबंध नाही. त्याशिवाय मी सही करणार नाही."

आरोग्यवाल्यांची सही म्हणजे पुन्हा दहा दिवस. हातात तीन होते.

आता ज्याची मला अजून लाज वाटते ते. ऑफिसात परत आल्यावर जयंतीभाईंनी विचारलं, "काय झाला?" आणि मी म्हणाले, "नवीन ऑफिसर अडवतोय." एवढंच. भाषांतर माझं होतं, हे गिळून टाकलं. जयंतीभाईंनी तडक फोन उचलला आणि देशमाने साहेबांना जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सगळं ऑफिस ऐकत होतं आणि मी फायलींना टाचण्या लावत बसले. अख्खा मंगळवार त्या फोनात आणि माझ्या गप्प बसण्यात गेला.

बुधवारी सकाळी सुमती दारातून आत आली, खुर्चीवर बसली. ती कधी बसत नसे.

"रात्री लय रगत गेला. बाटली लावल्यानी रगताची." मग नेहमीचं विचारलं, "इलो काय?"

मी तिच्याकडे बघितलं आणि मला टाचणी सापडेना. जयंतीभाई शेजारीच होते. मी म्हणाले, "माल आलाय. सहारला पडून आहे. माझ्या चुकीमुळे पडून आहे. मी कागदावर असं मराठी लिहिलं की त्यांना वाटतंय आपण जनावरं पकडणार आहोत."

जयंतीभाईंनी पत्र मागितलं, मोठ्याने वाचलं. "मगरीचा जबडा?" त्यांनी कपाळावर हात मारला. "कर्णिकबेन! तुम्ही तर आपली वाट लावून टाकली!"

सुमती मला आत्तापर्यंत 'तुमी' म्हणायची. त्या दिवशी पहिल्यांदा तू म्हणाली.

"तू लिवलंस?"

"हो."

"मगे तूच निस्तर. चल. खय जावचा हा?"

मी डॉक्टरांकडून तो मोडका स्नेअर मागवून घेतला. जयंतीभाईंनी त्यांची फियाट दिली आणि आम्ही दोघी बोरीवलीला नॅशनल पार्कातल्या वनखात्याच्या कार्यालयात गेलो. तिथे गायकवाड नावाचे अधिकारी होते. टेबलावर एका बाजूला जप्त केलेले खरे फास ठेवलेले, सशांचे, मोरांचे. काळी, गंजकी तार. माझा स्नेअर त्यांच्या शेजारी ठेवताना पहिल्यांदा मला देशमान्यांचं म्हणणं पटलं.

गायकवाडांनी सगळं ऐकून घेतलं. मग फुटपट्टी काढली. माझ्यासारखाच माणूस होता. कड्याचा व्यास मोजला.

"एक इंच. ससा जाणार नाही. मोर तर नाहीच." फुटपट्टी पुन्हा लावली. "पण बाई, चिमणी अडकेल. इवलासा शिंजीर पक्षी तर नक्की अडकेल."

"अहो, पण हे माणसाच्या आतड्यात वापरतात."

"ते तुम्ही वापराल. दुसऱ्याच्या हातात गेला तर?"

सुमती उठली, ती सात फुटांची नळी उचलून टेबलावर सरळ केली. एक टोक गायकवाडांच्या हातात दिलं, दुसरं घेऊन दारापर्यंत गेली.

"सायबानू, एवढी काठी घेवन कोण चिमणी धरूक जातलो? ती उडान जायत मरे! माझ्या घोवाच्या पोटात असा तो उडूचो नाय. तेका धरूचो हा."

गायकवाडांनी नळीचं आपल्या हातातलं टोक बघितलं, दारातली बाई बघितली. "किती दिवस झाले रक्त जातंय?" त्यांनी विचारलं.

"दोन म्हयने."

त्यांनी कागद घेतला. लिहिता लिहिता मान वर केली. "आणि ती मगर?"

"नुसतं नाव आहे हो," मी म्हणाले. "चिमट्याचं टोक तसं दिसतं म्हणून."

"तुळशी तलावात मगरी आहेत आमच्या. त्यांचे जबडे त्यांच्यापाशीच आहेत, तेवढं मी लिहून देऊ शकतो." आणि खरंच दिलं.

गुरुवारी सकाळी मी पत्र देशमाने साहेबांपुढे ठेवलं. आधी मंगळवारच्या फोनची माफी मागितली. तो फोन माझ्यामुळे झाला, हे सांगितलं. त्यांनी पत्र वाचायला घेतलं. मजकूर मला अजून पाठ आहे:

'दाखविलेला फास पाहिला. लांबी सात फूट, घेर लहान. जंगलात वापरण्यास निरुपयोगी. अर्जात उल्लेखिलेली दुर्बीण पोटात घालावयाची असल्याने तिच्यातून वन्यप्राणी दिसणे संभवत नाही. मगरीचा जबडा मगरीचा नाही. उंदीर वनखात्याच्या कक्षेत येत नाही.'

देशमाने साहेबांनी चष्मा काढून पुसला. या वेळी पुसायला जास्त वेळ लागला आणि खांदे हलत होते. मग सही केली.

"मॅडम, एक सांगू? पुढच्या वेळी भाषांतर करू नका. देवनागरीत 'स्नेअर' लिहा. कुणाला कळणार नाही आणि कुणी विचारणार नाही."

बाबाने तुम्हाला हे भाषांतर करून सांगू नये असं मी म्हणाले, ते म्हणूनच. अर्थ पोचवायच्या नादात माणूस भलत्याच ठिकाणी पोचतो. पुढे मी सगळ्या अर्जांत स्नेअर, फोर्सेप्स, ॲलिगेटर असंच लिहीत गेले. खिडकीतला कारकून एकदा म्हणाला, "बाई, आता तुमचं मराठी सुधारलं."

शुक्रवारी दुपारी डॉक्टरांचा फोन आला. कोंब निघाला होता, आवळ्याएवढा. वाईट नव्हता, हे आठवड्याने तपासणीच्या अहवालात कळलं. पोटावर चिरा नाही, टाका नाही. सोमवारी सुमती आली ती दारातच उभी राहिली. हातात आमसुलांची पुडी. मला म्हणाली, "घेवा." पुन्हा तुमी झालं होतं. मला ते थोडं कमी वाटलं, पण हरकत घेतली नाही.

एक गोष्ट मात्र रुतून आहे. ती रक्ताची बाटली. मंगळवारीच खरं बोलले असते तर बुधवारचं काम मंगळवारी झालं असतं, आणि बाटली लागलेल्या त्या माणसाला एक रात्र कमी काढावी लागली असती. रेवा, तुझ्या कामात चुका होतील. मोठे कायदे येतील, मोठे शब्द येतील. चूक झाली की त्याच दिवशी सांग. बाकी सगळं मग फियाटमध्ये बसून निस्तरता येतं.

जयंतीभाई गेले. ऑफिसच्या जागी आता काचेची इमारत आहे. गायकवाडांच्या पत्राची कार्बन प्रत माझ्याकडे हिरव्या फायलीत आहे, टाचणी डाव्या कोपऱ्यात. तो मोडका फास डॉक्टरांनी परत मागितला नाही, तोही कपाटात आहे. आणि मुलुंडला परब आहेत. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, रोज सकाळी दूध आणायला स्वतः जातात.